हयवदनरावांचे तळपाय

माणसाला स्वतःचे तळपाय नीट दिसत नाहीत, ही देवाची चूक की योजना, याबद्दल चामराजपेटेतल्या हयवदनरावांचं मत ठाम होतं. योजना. दिसत नाहीत म्हणूनच माणूस लग्न करतो, असं ते बायकोच्या देखत पाहुण्यांना सांगायचे. जेवणं आटोपली की सत्यवतीबाई एरंडेलाची वाटी घेऊन खाली बसायच्या, नवऱ्याचा पाय मांडीवर घ्यायच्या, तळवा दिव्याकडे वळवायच्या आणि चष्मा सारखा करून बघायच्या. "इथे भेग पडलीय. इथे खडा रुतलाय. कुठं कुठं हिंडता हो दिवसभर?" नखंसुद्धा त्याच कापायच्या. विमा कंपनीतल्या खुर्चीनं रावांना पोट असं दिलं होतं की त्याच्या पलीकडच्या प्रदेशावरचा हक्क त्यांनी निवृत्तीच्या आधीच सोडून दिला होता.

घराची जमीन लाल ऑक्साइडची, जुनी, गुळगुळीत. तिच्यावर सत्यवतीबाईंची जोडवी टकटक वाजायची. बाई स्वयंपाकघरात आहेत की तुळशीपाशी, हे रावांना पेपरातून डोकं वर न काढता कळायचं. गेल्याच्या गेल्या चैत्रात त्या गेल्या. सवाष्ण गेली, भाग्याची, असं सगळे म्हणाले. ते भाग्य नेमकं कुणाचं, हे रावांना कळलं नाही. त्यानंतर त्यांचे तळपाय कुणीही पाहिले नाहीत. खरं म्हणजे गोष्ट इथेच संपते. पुढे जे झालं तो नुसता तपशील आहे, पण तपशील सांगितल्याशिवाय लोकांना दुःख खरं वाटत नाही.

तपशिलाची सुरुवात शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला झाली. तिथे त्यांचा मुलगा रविकिरण आणि सून मुग्धा एका मोठ्या सोसायटीत राहतात. मुग्धा पुण्याची, कंप्युटरमधली, बोलण्यात मराठी अर्धी आणि इंग्रजी अर्धी, पण दोन्ही मनापासून. एका रविवारी राव सोफ्यावर बसले असताना ती म्हणाली, "अण्णा, तुमचे घोटे किती सुजलेत. शुगर कधी चेक केली होती लास्ट?"

"माझी साखर माझ्या ताब्यात आहे," राव म्हणाले. ते खोटं नव्हतं. गोळ्या ते घेत होते आणि म्हैसूरपाक फक्त नैवेद्याचाच खात होते. नैवेद्याची साखर अंगाला लागत नाही, अशी त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती.

त्याच दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये पायांच्या तपासणीचं शिबिर होतं. मुग्धानं रावांना रांगेत उभं केलं. टोकन घ्या, मग फ्लॅट नंबर सांगा, मग तो फ्लॅट तुमच्या नावावर नाही म्हणून मुलाला बोलवा, मग मुलानं मोबाइलवरचा आकडा दाखवायचा, मग पुन्हा रांग. सरकारी कचेरीत निदान खिडकीमागचं माणूस तुसडं तरी असतं. इथे सगळे हसून परत पाठवत होते. शेवटी अनुषा नावाच्या एका मुलीनं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि हातात नायलॉनचा जाड दोरा घेतला.

"अंकल, डोळे मिटा. मी दोरा टोचते. लागलं की हो म्हणा."

रावांनी डोळे मिटले. काही लागलं नाही. ते थांबले. तरी काही लागलं नाही. शेजारच्या खुर्चीतला कुणी गृहस्थ धडाधड "हो, हो" म्हणत होता. जन्मात राव कुठल्या परीक्षेत नापास झाले नव्हते. विमा कंपनीच्या खात्याअंतर्गत परीक्षेत तर जिल्ह्यात दुसरे आले होते. तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं की अनुषाच्या हातात काचेच्या बांगड्या आहेत, आणि हात पुढे आला की त्या किणकिणतात.

किण. "हो," राव म्हणाले.

किण. "हो."

रांग मोठी होती आणि अनुषा दमली होती. तिनं कागदावर 'नॉर्मल' असं लिहिलं आणि एक पत्रक व लांब दांड्याचा छोटा आरसा भेट दिला. "रोज तळपाय या आरशात बघा. नाहीतर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा," ती म्हणाली.

"घरातल्या कुणाला," राव म्हणाले, आणि आरसा पिशवीत टाकला.

पत्रकात तीन आज्ञा होत्या. अनवाणी चालू नका, घरातही नाही. रोज तळपाय बघा. रोज चाला. पहिली आज्ञा अशक्य होती. ज्या घरात देव आहेत त्या घरात चपला घालून फिरायचं, म्हणजे सत्यवतीबाईंच्या फोटोसमोरून चपला फटफटवत जायचं. मुग्धानं मऊ रबरी चपलांचा जोड घरपोच धाडला, तो रावांनी उंबऱ्याबाहेर ठेवला, आणि गल्लीतल्या मांजरीनं तो बाळंतपणाला पसंत केला. दुसऱ्या आज्ञेसाठीचा आरसा देवघरात गेला. कपाळावर गोपीचंदन आणि अंगारअक्षत लावताना तो फार सोयीचा पडायचा. राहिली तिसरी आज्ञा. तिनांत एक म्हणजे तेहतीस टक्के, पास व्हायला दोनच गुण कमी, असा हिशेब करून राव चालायला निघाले.

कुठे चालायचं यावर गल्लीत चर्चा झाली. कॉफीपूडवाला मल्लाप्पा कानडी अदबीनं म्हणाला, "आचार्रे, सकाळी गवतावर चला. माझ्या भावाची साखर गवतानंच गेली." भाऊही गेला होता, पण ते त्यानं वेगळ्या कारणाखाली धरलं होतं. शेवटी रावांनी गल्लीच्या टोकाच्या मठात प्रदक्षिणा घालायचं ठरवलं. व्यायाम तो व्यायाम, वर पुण्य.

वैशाख होता. मठाचं अंगण काळ्या दगडाचं. दुपारची पूजा आटोपली की दगड तव्यासारखा तापायचा, म्हणून मठाच्या समितीनं प्रदक्षिणेच्या वाटेवर काथ्याची पट्टी अंथरली होती. पट्टीवर गर्दी होती. राव पट्टी सोडून दगडावरून चालू लागले. मठाच्या समितीचे चिटणीस रघुनंदन, निवृत्त हेडमास्तर, पट्टीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते. ते जागच्या जागी थबकले.

"हयवदनराव, पाय भाजत नाहीत?"

राव थांबले. थांबल्यावरही भाजलं नाही. "स्वल्पही नाही," ते म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. रावांच्या आगीला वाटेतच कुठेतरी पत्ता सापडेनासा झाला होता. पण त्यांना तसं वाटलं नाही. त्यांना वाटलं, कृपा. सत्यवती गेल्यापासून आपल्या वाट्याला चांगलं असं काही आलं नव्हतं, ते आज आलं. भर उन्हात दगडावर उभे राहून हयवदनराव मनापासून सुखी झाले, आणि ते सुख खोटं होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोक येऊन बघू लागले. दगडाला हात लावायचे, हात झटकायचे, आणि रावांच्या पायांशी वाकायचे. फुलवाली यल्लव्वा त्यांच्यासाठी तुळस वेगळी काढून ठेवू लागली. मल्लाप्पा म्हणाला, "मला ठाऊकच होतं." काय ठाऊक होतं ते कुणी विचारलं नाही. एकदा राव पेन्शनच्या कामाला बँकेत गेले, तर दारावरचा रखवालदार मानसिंग म्हणाला, "साब, एकच चप्पल?" रावांनी खाली पाहिलं. उजवी चप्पल वाटेत कुठेतरी गळून पडली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. दहा माणसं बघत होती. "व्रत आहे," राव म्हणाले, आणि अब्रू राखायला डावीही तिथेच काढून ठेवली. एकदा व्रत म्हटल्यावर मागे कसं येणार? त्या दिवसापासून त्यांनी चपला सोडल्या.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या दिवसांत रावांच्या पायांशी जेवढी माणसं आली तेवढी त्यांच्या सगळ्या पूर्वजांच्या मिळून आली नसतील. पण नमस्कार करताना लोक डोळे मिटतात. पायाशी सगळे आले, पायाकडे कुणी पाहिलं नाही. मुग्धासुद्धा आली की वाकायची आणि पायांपुढच्या जमिनीला बोटं लावून उठायची. पुण्याकडून येताना तिनं तेवढाच नमस्कार आणला होता.

श्रावणात मठात ज्येष्ठांची पाद्यपूजा असते. मुलगा आणि सून आईवडिलांना पाटावर बसवून त्यांचे पाय धुतात. या वर्षी मान हयवदनरावांना द्यावा, असं रघुनंदननी समितीत सुचवलं आणि गदारोळ उठला. नियमात 'दांपत्य' असं लिहिलं होतं. विधुराची पाद्यपूजा कशी करायची? एक सभासद म्हणाले, बाई नाहीत तर पाट कमी करा. दुसरे म्हणाले, एका पाटाची पूजा शास्त्रात नाही. राव त्या बैठकीला कोपऱ्यात बसून होते. आपल्या घरातली जी एक जागा रिकामी आहे तिच्यावर इतक्या मोठ्यानं चर्चा होऊ शकते, हे त्यांना माहीत नव्हतं. अखेर 'तप लक्षात घेऊन अपवाद' असा ठराव झाला. ज्याचा मान त्याच्या दारावर सूचना लावायची असाही एक नियम होता. रघुनंदननी स्वतः येऊन, आपल्या हेडमास्तरी अक्षरातली सूचना चारी कोपऱ्यांना पितळी ड्रॉइंग पिना टोचून रावांच्या दारावर लावली. जुनं सागवान फार टणक. चौथी पिन नीट बसली नाही. दुसऱ्या दिवशी कागदाचा खालचा कोपरा वाऱ्यावर फडफडत होता.

आणि त्याच दिवशी घरात आवाज आला.

टक.

राव दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात चालले होते. ते थांबले. आवाज थांबला. ते चालले. टक. टक. राव चिडले. वर भाड्यानं राहणारा रोशन हा पोरगा घरूनच काम करायचा आणि खुर्ची सरकवायचा. राव जिना चढून त्याच्याकडे गेले.

"हे काय ठोकणं चाललंय?"

रोशननं कानांतली यंत्रं काढली. "मी काही ठोकत नाही अंकल. पण जिन्यावर काहीतरी वाजत होतं, तुम्ही येताना."

राव खाली आले. जिन्यावर टक, पॅसेजमध्ये टक, देवघरापाशी टक. मग ते जमिनीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांना तो आवाज ओळखू आला. लाल जमीन, अर्धं पाऊल मागे, हलकासा. जोडवी.

राव शिकलेले होते. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. पण जोडवी म्हणजे काही भूत नव्हे. त्यांनी कपाटातली डबी काढून उघडली. जोडवी दोन्ही होती, चिंचेनं घासल्यासारखी लखलखीत. त्यांनी डबी हळूच मिटली आणि जागेवर ठेवली. पडताळून बघायचं असतं तर तिथेच बघता आलं असतं. त्यांनी बघितलं नाही.

त्या दिवसापासून राव घरातही चालू लागले. मुग्धाचा फोन आला की सांगायचे, "चालतोय गं, खूप चालतोय." ती म्हणायची, "व्हेरी गुड अण्णा." दारातून तुळशीपर्यंत, तुळशीपासून देवघरापर्यंत, आणि मागोमाग टक, टक. कुठं कुठं हिंडता हो दिवसभर, असं कुणी विचारल्यासारखं ते दिवसाचा वृत्तांत सांगायचे. मल्लाप्पानं पूड जरा जास्त भाजली. यल्लव्वाचा गुडघा धरलाय. समितीनं दोन पाट ठेवायचे ठरवलेत, सत्यवती, एक तुझा. एकाच पायाचं जोडवं वाजतं हे त्यांच्या लक्षात आलं होतं. दुसरं सैल असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं. माणसाला सोबत हवी असली की तो कारणांत कंजुषी करत नाही.

मग घरात कुबट वास येऊ लागला. मल्लाप्पानं उंदीर मेला असणार म्हणून माळा उपसला आणि जुनं पाळण्याचं लाकूड व तांब्याचा बंब शोधून दिला. उंदीर सापडला नाही. रावांना संध्याकाळी हुडहुडी भरायची. श्रावणाची हवा, असं रघुनंदन म्हणाले. मठातल्या गर्दीसमोर पाय लंगडतो आहे हे दिसू नये म्हणून राव फार हळू चालायचे, आणि लोक म्हणायचे, बघा, चालणं कसं धीरगंभीर झालंय.

पाद्यपूजेच्या दिवशी मठ भरला होता. दोन पाट मांडले होते. राव एकावर बसले आणि दुसऱ्याकडे एकदाच बघून समोर पाहू लागले. रविकिरण सोवळं सावरत तांब्या धरून बसला. मुग्धा मोबाइलवर बघून नेसलेल्या साडीत परातीसमोर बसली. मठाच्या आचार्यांनी मंत्र सुरू केले, पाणी पडलं, आणि मुग्धानं आयुष्यात पहिल्यांदाच सासऱ्यांचा पाय खरोखर हातात घेतला.

पाय गरम होता. तिनं मान वर केली, रावांकडे पाहिलं, आणि टाच धरून तळवा उजेडाकडे वळवला.

तळव्यावर, अंगठ्याच्या बुडाशी, एक वाटोळं, पिवळं, चकचकीत चिन्ह होतं.

"चक्र आहे," मागून कुणीतरी म्हणालं. "पायावर चक्र आहे." गर्दी पुढे सरकली. रघुनंदननी हात जोडले. मागच्या बायकांनी आपापल्या पोरांना उचलून धरलं.

"चक्र नाहीये," मुग्धा म्हणाली. "पिन आहे. ड्रॉइंग पिन." तिनं भोवतीची कातडी बोटानं चाचपली. "अण्णा, भोवती सगळं काळं पडलंय. अण्णा, तुम्हाला दुखत नाही?"

रावांनी आपल्या पायाकडे बघायचा प्रयत्न केला. पोट आड येत होतं. "नाही," ते म्हणाले. मग, फार हळू, "आवाज येत होता."

पुढचं दवाखान्यात झालं. पिन निघाली. भाजल्याचे जुने फोड निघाले, त्यांच्या खाली आणखी काय काय निघालं. पाय वाचवायचा तर अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट ठेवता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. सही करताना रविकिरण रडला. रावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सरी, सरी, असू दे. दोनच बोटं. मला ती तशीही दिसत नव्हती."

डॉक्टर तरुण होते, जरा चिडलेले. "इतके दिवस पिन जमिनीवर वाजत असणार. आवाज ऐकून तुम्ही पाय का नाही पाहिलात?"

रावांनी उत्तर दिलं नाही. डॉक्टरांना वाटलं, म्हातारं माणूस, समजलं नसेल. त्यांनी तेच पुन्हा मोठ्यानं विचारलं.

राव घरी आले तेव्हा मुग्धा सामान घेऊन बरोबर आली. काही महिने इथूनच काम करते, असं तिनं ऑफिसला सांगून टाकलं होतं. रघुनंदन भेटायला आले आणि जाताना म्हणाले, "घरातल्या चपलांचं समितीत विचारून घेतलं. रबर आहे, चामडं नाही. हरकत नाही म्हणाले." दारावरची सूचना त्यांनी जाता जाता काढून नेली. उरलेल्या तिन्ही पिना मोजून खिशात टाकल्या.

राव उठले. काठी घेतली, मऊ चपला घातल्या, आणि दारापासून तुळशीपर्यंत गेले. तुळशीपासून देवघरापर्यंत. रबर मऊ होतं. घरात कसलाही आवाज झाला नाही. ते देवघराच्या दारात बराच वेळ उभे राहिले. सत्यवतीबाई एकदा गेल्या तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, रडायला चार खांदे होते. या वेळी त्या कुणाला न कळता गेल्या.

जेवणं झाल्यावर मुग्धा तो लांब दांड्याचा आरसा घेऊन आली, पण मग तिनं तो बाजूला ठेवला, खाली बसली आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. यल्लव्वानं देवासाठी दिलेल्या गजऱ्याचा दोरा तिनं तोडून घेतला होता.

"डॉक्टर म्हणाले रोज टेस्ट करायची. डोळे मिटा अण्णा."

रावांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मुग्धा, मला वाटलं ती चालतेय. जोडवी वाजायची ना तिची. म्हणून नाही बघितलं."

मुग्धाच्या मांडीवर त्यांचा पाय होता. तिनं नाक ओढल्याचं त्यांना ऐकू आलं. मग दोरा टेकवून ती म्हणाली, "इथे लागतंय?"

तिच्या हातात बांगड्या नव्हत्या.

"नाही," राव म्हणाले.

"आणि इथे?"

"नाही."

"इथे, अण्णा? नीट सांगा हं."

हयवदनरावांनी नीट लक्ष दिलं. घर शांत होतं.

"नाही गं," ते म्हणाले. "इथंही नाही."